भिवंडीच्या खाडीपासून वरळीच्या बंदरापर्यंत

दोस्तांनो, मुंबई-ठाण्याचा एखादा नकाशा उघडा पाहू. जमिनीवर केवढी गर्दी! रस्ते, रेल्वे, स्टेशनं, गावांची नावं. नाव लिहायला बोटभर जागा नाही. आणि समुद्र? नुसता निळा! खाडीसुद्धा तशीच निळी, जणू पुसून ठेवलेली पाटी. त्या निळ्या रंगावर पट्टी ठेवून एक रेघ ओढली, की झाला रस्ता तयार. घरं पाडायला नकोत, कुणाला उठवायला नको. कित्ती सोपं!

पण ती जागा खरोखर रिकामी असते का? चला, आज आपण पायांनी जाऊन डोळ्यांनी बघू. आपली सहल सुरू होणार आहे भिवंडीहून.

भिवंडीला समुद्र?

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांची खडखड आठवते. कापडाचे तागे लादलेले टेम्पो आणि मैलोनमैल पसरलेली गोदामं आठवतात. समुद्र काही कुणाच्या मनात येत नाही. पण भिवंडीच्या अंगणात समुद्र दिवसातून दोनदा येऊन जातो, बरं का! शहराला लागून कामवारी नदी वाहते आणि पुढे उल्हासच्या खाडीला मिळते. उल्हास नदी निघते राजमाचीच्या डोंगरात. कर्जत, बदलापूर, कल्याण करत ती खाली येते, आणि इथे तिची गाठ पडते भरतीच्या खाऱ्या पाण्याशी. गोडं पाणी खाली जातं, खारं पाणी वर चढतं, अशी ही खाडी.

इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही वाचलं असेल. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीच्या परिसरात मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली. म्हणजे आज जिच्यावरून आपण बसमधून भुर्रकन निघून जातो, ती खाडी एके काळी या गावाचा हमरस्ता होती!

आता ठाण्याची बस पकडा. अंजूरफाटा, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, काशेळी अशी गावं मागे पडतात आणि येतो काशेळीचा पूल. खिडकीजवळची जागा मिळाली असेल तर खाली बघा. ओहोटी असेल तर आणखी छान. काठावर चिखल दिसेल आणि चिखलात हिरवीगार झाडी. ही तिवरांची झाडं, म्हणजेच कांदळवन. काहींच्या आजूबाजूला चिखलातून शेकडो पेन्सिली उभ्या केल्यासारखं दिसतं. त्या पेन्सिली म्हणजे त्या झाडांची मुळं! चिखलात हवा मिळत नाही, म्हणून ही मुळं उलटी वर येतात आणि श्वास घेतात. त्यांच्या आडोशाला खेकडे, निवट्या, कोळंबीची आणि माशांची पिल्लं वाढतात. म्हणजे हे माशांचं पाळणाघरच म्हणा ना!

कांदळवनाचं आणखी एक काम आहे. ते तुमच्या-आमच्या घराशी जोडलेलं आहे. धुवांधार पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली, की पावसाच्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. भिवंडीतल्या सखल भागात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी खाडीकाठची मोकळी, चिखलाची, झाडांची जागा पाण्याला थोडा वेळ थांबू देते. तिथे भराव पडला, की ते पाणी दुसरी जागा शोधतं. दुसरी जागा म्हणजे कधी रस्ता, कधी दुकान, कधी आपलं घर.

पूल संपला की ठाण्याची हद्द लागते, बाळकुम. इथून गायमुखपर्यंत खाडीच्या काठाकाठाने सुमारे १३ किलोमीटरचा किनारी रस्ता करायची योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची आहे. घोडबंदर रोडची गर्दी कमी व्हावी, हा तिचा हेतू. वाटेत खाडी आहे, कांदळवन आहे आणि जुनी गावं आहेत. समोरच्या काठावर कोण? काल्हेर, काशेळी, म्हणजे भिवंडी तालुकाच! पाणी एकच, काठ मात्र दोन.

अशा रस्त्याने काय बदलतं, हे बघायला आता आपल्याला ठाण्याहून लोकलने दादरला जायचं आहे आणि तिथून बसने वरळी गावात. कारण असा एक रस्ता तिथे बांधून झालेला आहे.

वरळीच्या बंदरावर

वरळी कोळीवाडा हे मुंबईच्या पोटातलं एक गाव. चिंचोळ्या गल्ल्या, सुकत घातलेली मासळी, गोलफादेवीचं देऊळ आणि टोकाला इंग्रजांनी बांधलेला वरळीचा किल्ला. किल्ल्याजवळ उभं राहिलं की एका बाजूला वांद्र्याकडे जाणारा सागरी सेतू दिसतो. तो २००९ मध्ये सुरू झाला. दुसऱ्या बाजूला, क्लीव्हलँड बंदराकडे, दिसतो नवा किनारी रस्ता.

हा रस्ता मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत साडेदहा किलोमीटरहून थोडा जास्त लांब आहे. २०१८ मध्ये काम सुरू झालं. मार्च २०२४ मध्ये पहिला टप्पा उघडला आणि जानेवारी २०२५ मध्ये जवळजवळ सगळा रस्ता वाहतुकीला खुला झाला. गिरगाव चौपाटीच्या बाजूला दोन किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत. ते ज्या अजस्र यंत्राने खणले, त्याचं नाव होतं 'मावळा'! खर्च झाला जवळजवळ १४ हजार कोटी रुपये. आणि रस्त्यासाठी समुद्रात भराव घातला तो १०० हेक्टरांहून अधिक.

रस्ता हवाच होता, असं म्हणणाऱ्यांचं ऐकून घेऊ. तेही चुकीचं बोलत नव्हते. दक्षिण मुंबईत रोज गाड्यांची मुंगीच्या गतीने रांग लागायची. नव्या रस्त्याने सुमारे ७० टक्के वेळ आणि ३४ टक्के इंधन वाचेल, असा महापालिकेचा अंदाज होता. पाऊण तासाचा प्रवास आता दहा-बारा मिनिटांत होतो, हे खरंच आहे.

मग विरोध कशाला? तोही नीट समजून घेऊ.

कोळ्यांचं म्हणणं साधं होतं. "ज्याला तुम्ही रिकामा समुद्र म्हणता, ते आमचं शेत आहे." किनाऱ्याजवळच्या उथळ, खडकाळ पाण्यात खेकडे, शेवंडं, कालवं मिळतात. लहान होडीवाला नाखवा खोल समुद्रात जात नाही, त्याची चूल याच पाण्यावर पेटते. ओहोटीला खडकांवर कालवं काढणाऱ्या बायकांना तर होडीही लागत नाही. भराव पडला की हे शेत कायमचं बुजलं. जमिनीवरच्या शेताला सातबारा असतो, समुद्रातल्या शेताला कसला आला सातबारा!

निसर्ग अभ्यासणाऱ्यांचं म्हणणं दुसरं. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर चक्क जिवंत प्रवाळ आहेत, तेही मुंबईच्या गढूळ पाण्यात! प्रवाळ म्हणजे दगड नव्हे हं. ते असंख्य इवल्या प्राण्यांचं गावच असतं. आपल्या देशात वाघाला कायद्याने जे संरक्षण आहे, तसंच ते खऱ्या प्रवाळांनाही आहे. शेवटी परवानगी काढून २०२० च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या प्रवाळांच्या १८ वसाहती उचलल्या आणि दुसरीकडे नेऊन बसवल्या. हे काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलं. प्रवाळ उचलून नेता आले. पण त्या खडकांवरचे खेकडे, गोगलगायी, समुद्रफुलं? त्यांना कोण उचलून नेणार?

तिसरा प्रश्न पैशांचा. एवढ्या खर्चाचा रस्ता वापरणार कोण? या रस्त्यावर स्कूटर, मोटारसायकल, रिक्षा यांना बंदी आहे. तुमचे बाबा भिवंडीहून स्कूटर घेऊन गेले, तर त्यांना इथे प्रवेश नाही! हाच पैसा लोकल आणि बसगाड्यांवर खर्च केला तर जास्त लोकांचं भलं होईल, असं अनेक जाणकार सांगत होते.

कोर्टाची पायरी

वरळीच्या मच्छीमारांची संस्था, निसर्गासाठी काम करणाऱ्या संस्था आणि काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. आपल्या देशात किनारा सांभाळण्यासाठी १९९१ पासून खास नियम आहेत. त्यांना सीआरझेडचे नियम म्हणतात. या रस्त्याला त्या नियमांखाली दिलेली परवानगी १६ जुलै २०१९ रोजी उच्च न्यायालयाने रद्द केली. पर्यावरणाचा अभ्यास पुरेसा झालेला नाही, असा ठपका ठेवला. काम थांबलं.

महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. १७ डिसेंबर २०१९ ला त्या न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. मात्र भरावाच्या जमिनीवर रस्त्याशिवाय दुसरं बांधकाम करायचं नाही, असंही बजावलं. पुढे बागा आणि फिरायच्या वाटांना परवानगी मिळाली, घरं आणि दुकानांना नाही.

म्हणजे कोळी हरले का? थांबा, गोष्ट अजून संपलेली नाही.

एका खांबाची गोष्ट

किनारी रस्ता आणि सागरी सेतू जोडणारा पूल नेमका क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी येणार होता. होड्या समुद्रात जायच्या त्या पुलाखालून. दोन खांबांमधलं अंतर ठरलं होतं ६० मीटर. ६० मीटर म्हणजे केवढी मोठी जागा, असं तुम्हाला वाटेल. कागदावर ती मोठी दिसतेच.

पण समजा, संध्याकाळच्या गर्दीत तुम्ही तीन बत्तीला सायकल चालवताय. रस्ता रुंद असला तरी समोरून टेम्पो येतो आणि मध्येच कुणी आडवं जातं. आता कल्पना करा, की तो रस्ताच हलतोय! समुद्रात तसंच असतं. वारा होडीला एकीकडे ढकलतो, पाण्याची ओढ दुसरीकडे नेते आणि लाट वर उचलते. शेजारून दुसरी होडी येत असते. उधाणाच्या दिवशी होडी खांबावर आपटली तर? म्हणून कोळी म्हणत होते, अंतर १६० मीटर ठेवा.

त्यांनी अर्ज केले, बैठकांना गेले. २०२१ मध्ये समुद्रात होड्या उभ्या करून कामही अडवलं. हट्ट सोडला नाही. अखेर २०२२ च्या शेवटी सरकारने मधला एक खांब काढायचं ठरवलं आणि अंतर १२० मीटर झालं. १६० नाही, पण ६० सुद्धा नाही. २०२४ मध्ये तिथे लोखंडाच्या दोन प्रचंड कमानी बसवल्या. वरळीच्या पुलावर आज ज्या देखण्या कमानींचे फोटो लोक काढतात, त्यांच्याखाली मोकळं राहिलेलं पाणी ही कोळ्यांची कमाई आहे!

गंमत बघा. पुलाची गणितं मांडणारे इंजिनिअर हुशार होतेच. पण त्या पाण्यात रोज होडी घालणाऱ्याला जे ठाऊक होतं, ते कागदावर नव्हतं. त्याला आधीच विचारलं असतं तर? खांब पहिल्यापासून योग्य जागी आला असता, वेळ आणि पैसाही वाचला असता.

आता आपली पाळी

मुंबईत पुढचे किनारी रस्ते आखले जात आहेत. वर्सोव्यापासून भाईंदरपर्यंतच्या रस्त्यात तर ४५ हजारांहून अधिक कांदळवनाची झाडं येतात. त्यांतली सुमारे ९ हजार तोडावी लागतील, असं महापालिकेनेच सांगितलं आहे. पांढरी चिप्पी हे कांदळवनातलंच झाड २०२० मध्ये महाराष्ट्राने आपला 'राज्य कांदळवन वृक्ष' म्हणून मिरवायला घेतलं, आणि इकडे ही वेळ!

आपल्या खाडीवरही रेघा ओढल्या जात आहेत. कुठे रस्त्याच्या, कुठे पुलाच्या, कुठे भरावाच्या. सगळ्या रेघा वाईट नसतात. पुलामुळेच तर आपण काशेळीहून ठाण्याला जातो! पण रेघ ओढण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा. इथे आधीपासून कोण आहे?

हा प्रश्न विचारायला मोठं व्हायची वाट बघायची गरज नाही. या सुटीत आई-बाबांबरोबर ओहोटीच्या वेळी खाडीवर जा. चिखलात उतरू नका हं, काठावरूनच बघा. पक्षी मोजा, निवट्या शोधा. खाडीकाठच्या एखाद्या आजी-आजोबांना विचारा, "इथे पूर्वी कोणती मासळी मिळायची? पाणी कुठवर चढायचं?" ते सांगतील ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. मोठ्या प्रकल्पांच्या वेळी सरकार लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतं, तशी जाहिरात पेपरात येते. ती दिसली की बाबांना दाखवा आणि तुमची वही पुढे करा.

आणि त्या निळ्या, कोऱ्या नकाशावर एकेक नाव लिहायला लागा. इथे तिवरं. इथे निवट्या. इथे आजोबा जाळं टाकायचे. इथवर पावसाचं पाणी आलं होतं. बघा, पाटी किती भराभर भरते ते!