पाळोळेला जाताय? एक दिवस समुद्राकडे पाठ करा!

गोव्याचा वीकएण्ड म्हणजे शॅक, बीअर, टॅटू आणि सोमवारी परत डेस्कवर. ते कराच. पण पाळोळेला उतरला असाल तर एक पहाट खोतीगाव अभयारण्यासाठी राखून ठेवा. काणकोण तालुक्यातच आहे, बाइकने अर्धा तास. १९६८ साली घोषित झालेलं हे जंगल सुमारे ८६ चौरस किलोमीटरचं. झाडावरचं २५ मीटर उंचीचं मचाण चढताना जिमची मेंबरशिप खरंच वापरली का, ते कळतं! वाघाची आशा नको. शेकरू मात्र दिसू शकते, आणि त्यासाठी गावातला गाइड घ्याच. आपण मोबाइल बघत असतो तेव्हा तो फांद्या बघत असतो.

डॉल्फिन ट्रिपला होडी त्यांच्यामागे पळवायला लावू नका. लांब थांबा, इंजिन बंद करायला सांगा.

आणि गालजीबाग. सुरूच्या झाडांचा हा शांत किनारा आणि आगोंद, दोन्हीकडे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वनखातं घरटी कुंपण घालून राखतं. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात आणि जिकडे उजेड तिकडे धावतात. अंधाऱ्या रात्री तो उजेड समुद्राचा असतो. दिवे लागले की हॉटेलचा. तिकडे वळलेलं पिल्लू सहसा वाचत नाही. म्हणून टॉर्च नको, फ्लॅश तर नकोच. आणि रूम बुक करतानाच विचारा, ‘रात्री बीचकडचे दिवे बंद करता ना?’ नाही म्हणाले, तर दुसरी रूम शोधा.