आधी हँडल मारून बघ

गेल्या शनिवारी रात्री मी एक डबा स्वतःच्या हाताने मारून टाकला. रविवारी पहाटे तो परत उठून बसला. मधल्या सहा-सात तासांत काय काय झालं ते लिहून ठेवतोय, कारण सोमवारपासून ते डोक्यातून जात नाहीये.

तर झालं असं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वर्कशॉप बंद करायचं ठरवलं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात त्यांचा भाड्याचा गाळा आहे. एक लेथ मशीन, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि चाळीस वर्षांचा पसारा. कोल्हापुरात एके काळी शेतीपंपाची ऑईल इंजिनं बनायची. त्या इंजिनांचे सुटे भाग टर्निंग करून आण्णांनी घर चालवलं आणि मला इंजिनियर केलं. आता गुडघे ऐकत नाहीत. लेथ गडहिंग्लजकडच्या एका तरुण पोराने विकत घेतलं होतं, रविवारी टेम्पो येणार होता. मी पुण्याहून मदतीला गेलो. मदत म्हणजे काय, तर "हे टाका, ते टाका" म्हणायला!

टाकायच्या यादीत पहिला नंबर होता टेबलावरच्या काळ्या डब्याचा. हा नेटवर्क स्टोरेजचा डबा मीच २०११ साली त्यांना घेऊन दिला होता. आत हार्ड डिस्क, मागे नेटवर्कची वायर. गाळ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरून आण्णा त्यात बिलं, जॉबची ड्रॉइंगं, घरातले फोटो ठेवायचे. तो कॉम्प्युटर बंद पडला, नवा लॅपटॉप आला आणि लॅपटॉपला डबा दिसेचना.

कारण मला पाहता क्षणी कळलं. डब्यातलं सॉफ्टवेअर विंडोजशी फाइल देवाणघेवाणीची फक्त जुनी भाषा बोलत होतं, एसएमबी १. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस याच जुन्या भाषेतल्या भोकातून जगभर पसरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या अपडेटपासून विंडोज १० नव्याने टाकलं की ती भाषा मुळातच बंद असते. डबा बनवणाऱ्या कंपनीने अपडेट देणं कधीच थांबवलेलं. लॅपटॉपवर जुनी भाषा सुरू करता येते, पण म्हणजे एका म्हाताऱ्या पाहुण्यासाठी घराची मागची कडी कायमची काढून ठेवायची.

म्हटलं, "आण्णा, टाकून द्या. नवीन पाठवतो."

आण्णा डब्याला कान लावून म्हणाले, "फिरतंय की आत. दिवा बी लागतोय. मग टाकायचं कशाला?"

"त्याचा सपोर्ट संपलाय."

"कुणाचा सपोर्ट? ह्यो लेथ बनवणारी कंपनी बंद पडून पंचवीस वर्सं झाली. उद्या गडहिंग्लजला जाऊन परत कामाला लागणार त्यो." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या कंपनीत असंच करत्यात का रं?"

मी काही बोललो नाही. कारण मार्चमध्ये आमच्या टीमने आमच्या एका उत्पादनाचा सपोर्ट संपल्याचं पत्र गिऱ्हाइकांना पाठवलं होतं. मसुदा माझाच होता.

असो. चहा घेतला आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

पहिलं काम, डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली आणि सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवला. (हे आधी केलं नसतं तर आज हा लेख लिहायच्या मनःस्थितीत नसतो.) मग डब्याचा बोर्ड पाहिला. मार्व्हेल कंपनीची कर्कवुड चिप, १.२ गिगाहर्ट्झ, १२८ एमबी मेमरी. आजच्या हिशोबाने काहीच नाही. पण फायली ठेवायला आणि द्यायला भरपूर.

आणि या डब्याच्या पोटात मुळात लिनक्सच होतं! म्हणजे नवीन लिनक्स घालायला हरकत नव्हती. अडचण होती ती त्याच्याही आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, बूटलोडरची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डब्याला करंट मिळाला की सगळ्यात आधी चिपमध्येच कोरलेला एक चिमुकला प्रोग्राम जागा होतो. तो बूट रॉम. तो पुसता येत नाही, बदलता येत नाही. तो फ्लॅश मेमरीच्या सुरुवातीला ठेवलेला बूटलोडर उचलतो. बूटलोडर लिनक्सचं कर्नल उचलतो आणि कर्नल बाकीचा संसार मांडतं. या डब्यातला जुना बूटलोडर कंपनीने ठरवून दिलेल्या जागेवरून, कंपनीचंच कर्नल उचलायचा. डिस्कवरचं नवं कर्नल त्याला वाचताच येत नव्हतं. शिवाय नव्या कर्नलला बोर्डाचा नकाशा सोबत द्यावा लागतो, कुठली पिन दिव्याची, कुठली नेटवर्कची वगैरे. तो द्यायची पद्धतच त्याच्या काळात नव्हती. म्हणजे आधी बूटलोडर बदलायचा. आणि जुना पुसून नवा लिहीपर्यंत डबा वाऱ्यावर.

सुदैवाने हा बूटलोडर यू-बूट जातीचा होता. वोल्फगांग डेंक नावाच्या जर्मन माणसाने वाढवलेला हा मुक्त प्रोग्राम. नाव जर्मन पाणबुडीवरून. डेंक २०२२ साली गेले, पण त्यांचा प्रोग्राम जगभरातल्या असंख्य राउटरांत आणि डब्यांत रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठतो. लिनक्स आणि यू-बूट दोन्ही जीपीएल परवान्याखाली आहेत. जो कुणी ते आपल्या यंत्रात घालून विकेल त्याला सोर्स कोड द्यावा लागतो. २००३ मध्ये लिंक्सिसला आपल्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा कोड असाच खुला करावा लागला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. त्याच परवान्यामुळे माझ्या डब्याच्या जातीसाठीही लोकांनी नवा यू-बूट तयार करून ठेवला होता.

बॅगेत यूएसबी ते सिरियल वायर होतीच. (सॉफ्टवेअरवाल्याच्या बॅगेत काय काय असतं ते विचारू नका.) बोर्डावरच्या चारपैकी तीन पिना जोडल्या. ग्राउंडला ग्राउंड, याचं बोलणं त्याच्या ऐकण्याला आणि उलट. चौथी करंटची, ती मोकळी सोडायची. वायर ३.३ व्होल्टचीच हवी, नाहीतर चिप जळते. स्क्रीनवर डबा बोलायला लागला. जुन्या फ्लॅशची पूर्ण नक्कल काढली, नेटवर्कचा मॅक पत्ता वहीत लिहून घेतला. सगळं कसं शिस्तीत!

आणि मग मी गाढवपणा केला.

रात्री साडेदहाला जुना बूटलोडर पुसायची कमांड दिली. पुसला. आता नवा लिहायचा. हात एंटरवर नेला आणि मनात आलं, उतरवून घेतलेली फाइल धड आहे ना? चेकसम ताडून बघू. हे पुसायच्या आधी करायचं असतं. मी नंतर करत बसलो. बाहेर वळीव सुरू झाला होता. विजा चमकत होत्या, पत्र्यावर ताशा वाजत होता. चेकसम जुळला आणि त्याच क्षणी लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. डबा मात्र भिंतीतल्या सॉकेटवर.

तासाभराने लाईट आली. डब्याला करंट दिला. दिवा नाही, स्क्रीनवर एक अक्षर नाही. चार वेळा, दहा वेळा. काही नाही. इंग्रजीत अशा डब्याला वीट म्हणतात. किती बरोबर म्हणतात ते हातात घेऊन बसल्यावर कळतं.

वाईट कशाचं वाटलं सांगू? डेटा सुरक्षित होता, नवा डबा दोन दिवसांत घरी आला असता. पण दुपारपर्यंत चालणारी वस्तू मी बंद पाडली होती, तीही ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्यांची बंद इंजिनं चालू करून दिली त्याच्या टेबलावर.

आण्णा कॉटवरून उठून आले. "काय झालं रं?"

"मेला आण्णा. आतलं सुरुवातीचंच पुसलं गेलं."

"मेला कशावरनं? इंजिन गप झालं म्हंजी मेलं असं न्हाई. आधी हँडल मारून बघ."

जुन्या ऑईल इंजिनाला ना बॅटरी, ना बटण. डोक्यावरचा खटका उचलायचा, हँडल घालून चाक जोरात फिरवायचं, वेग आला की खटका सोडायचा. सिलिंडरमध्ये दाब तयार होतो आणि इंजिन धडधडायला लागतं. म्हणजे पहिला वेग बाहेरून, हाताने द्यायचा. पुढचं ते स्वतः बघतं.

मी कपाळावर हात मारला. कर्कवुडला हँडल आहे!

बूट रॉम पुसला जात नाही हे वर लिहिलंच आहे. या चिपमधला बूट रॉम करंट मिळाल्याबरोबर क्षणभर सिरियल वायरीकडे कान देतो. त्या क्षणात ठरावीक खुणेची अक्षरं ऐकू आली तर तो फ्लॅशकडे बघतच नाही. म्हणतो, बूटलोडर तूच पाठव. यू-बूटच्या सोर्समध्येच यासाठी केडब्ल्यूबूट नावाचा प्रोग्राम आहे. तो लॅपटॉपवर चालू करायचा, तो खूण पाठवत राहतो आणि आपण डब्याला करंट द्यायचा.

पहिल्या तीन वेळा वेळ चुकली. चौथ्यांदा आण्णा म्हणाले, "मी बटण दाबतो, तू तिकडं बघ." मी "हां" म्हटलं, त्यांनी बटण दाबलं. स्क्रीनवर एक टिंब उमटलं. मग दुसरं. मग ओळीच्या ओळी. सेकंदाला जेमतेम दहा-अकरा केबीच्या वेगाने अर्धा एमबीचा बूटलोडर डब्याच्या मेमरीत चढत होता. मिनिटभर आम्ही दोघं श्वास रोखून टिंबं बघत होतो. शेवटी यू-बूटचं नाव आलं आणि खाली कर्सर लुकलुकायला लागला.

आण्णा म्हणाले, "धरलं बघ," आणि झोपायला गेले.

पुढचं सरळ होतं. पेन ड्राइव्हवरून तोच बूटलोडर फ्लॅशमध्ये लिहिला. या वेळी डब्याची वायर इन्व्हर्टरच्या सॉकेटला! डिस्कवर डेबियन १२ मांडलं, मॅक पत्ता परत घातला, थोडी स्वॅप दिली, सांबा बसवलं. २०१९ मधल्या ४.११ आवृत्तीपासून सांबामध्येही जुनी भाषा मुळातच बंद असते. पहाटे पाचला लॅपटॉपवर डबा दिसला.

हे कायमचं नाही, तेही सांगतो. डेबियनमध्ये या जुन्या प्रोसेसरांच्या शाखेला आर्मएल म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ ही त्या शाखेची शेवटची आवृत्ती आणि तिच्यात असल्या डब्यांसाठी तयार कर्नलही नाही. म्हणून डबा फक्त घरातल्या घरात चालेल, इंटरनेटकडचं दार बंद, आणि डेटाची दुसरी प्रत वेगळी. काही वर्षांनी तो खरंच थकेल.

रविवारी दुपारी टेम्पो आला. लेथ चढवताना गडहिंग्लजच्या पोराने विचारलं, "काका, लायनर धरायला तुम्ही एक फिक्स्चर बनवलं होतं, त्याचं ड्रॉइंग आहे का?" आण्णांनी लॅपटॉप उघडला, डब्यातून ड्रॉइंग काढलं आणि पेन ड्राइव्हवर घालून दिलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चालणारी वस्तू चालली यात बघायचं काय!

कोल्हापूरला ही उघडून बघायची खोड जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी इथेच १९१८ साली दामल्यांना सोबत घेऊन स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. पण उघडता येण्यासाठी वस्तूत तशी सोय लागते. २०११ च्या त्या डब्यात ती होती. मार्चमध्ये ज्याचं पत्र मी लिहिलं त्या आमच्या उत्पादनात नाही. त्याचा बूट रॉम कंपनीच्या सहीशिवाय कुठलाही बूटलोडर उचलत नाही. हे कुलूप उगाच नाही, चोरापासून आणि व्हायरसपासून त्याने खरंच रक्षण होतं. पण कंपनीने हात काढून घेतल्यावरही किल्ली कंपनीकडेच राहते. मालकाला हँडल मारायची जागाच नाही.

सोमवारी मीटिंगमध्ये मी विचारलं, सपोर्ट बंद होण्याआधी एक शेवटचं अपडेट देऊ या का, ज्याला हवं त्याने स्वतःच्या जबाबदारीवर कुलूप काढावं असं? दोन मिनिटं शांतता. मग मॅनेजर म्हणाले, "बघू."

बंद व्हायची तारीख डिसेंबरातली आहे. दर सोमवारी विचारणार आहे.