अंगात पाणी असलेले दगड

आदिलाबादकडच्या उटनूरच्या पठारावर विहीर खणताना माती आणि मुरूम संपला की कुठे अखंड काळा कातळ लागतो, तर कुठे मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यापोकळ्यांचा खडक. मांजऱ्या फोडला की आत पांढरे ठिपके दिसतात. नशीब असेल तर मुठीएवढी पोकळी उघडते आणि तिच्या भिंतींवर स्फटिक उभे असतात. गावात या सगळ्यालाच गारगोटी म्हणतात. भूजलाच्या कामात मी असे ढिगारे पुष्कळ चाळले आहेत. खरी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, पोलादी चाकूला दाद देत नाही. चाकूने ओरखडा उठला, तर तो दगड बहुधा झिओलाइट किंवा त्याच्या सोबतचं खनिज असतो. यातल्या बऱ्याच दगडांच्या अंगात पाणी असतं, आणि दगड सांभाळायचा म्हणजे ते पाणी सांभाळायचं.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला. त्याच्या पूर्वेकडच्या कडेला आपण राहतो. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या कोमट-गरम पाण्याने आपल्यातली द्रव्यं तिथे थरावर थर ठेवली. हे काम लाव्हाबरोबर संपलं नाही. काही ठिकाणच्या अपोफायलाइटचं वय मोजलं, तेव्हा ते खडकाहून कोट्यवधी वर्षांनी तरुण निघालं.

अपोफायलाइट हे संग्राहकांचं लाडकं खनिज. पोटॅशियम, कॅल्शियम आणि सिलिका यांनी ते घडतं आणि रेणूसूत्रात पाण्याचे आठ रेणू असतात. कठिनता साडेचार ते पाच. त्याचे स्फटिक चौकोनी, कधी थेट ठोकळ्यासारखे. वरच्या सपाट पृष्ठावर मोत्याची झाक असते आणि त्याच पातळीला समांतर ते सहज फाटतं. नेहमी झिओलाइटच्या शेजारी सापडलं, तरी काटेकोरपणे ते झिओलाइट नाही, कारण त्याची आतली रचना पदरांची आहे. जळगाव, नाशिक, पुणे या भागांतल्या खाणींनी त्याचे नमुने जगभर पोचवले. व्हॅनेडियममुळे हिरवा झालेला अपोफायलाइट पाहिला की मला आजही दुसरं काही सुचत नाही. त्याहून दुर्मीळ म्हणजे पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट. हे खनिज पहिल्यांदा १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सापडलं, पण जगाने ते डोळे भरून पाहिलं ते वाघोलीच्या दगडावर.

खऱ्या झिओलाइटची रचना जाळीची असते. ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या सांगाड्यात नियमित बोळ असतात आणि त्यांत पाणी व धातूंचे आयन सैल बसलेले असतात. तापवलं की पाणी निघून जातं, सांगाडा मात्र बहुतेकदा उभा राहतो. कठीण पाण्यातला कॅल्शियम धरून सोडियम सोडायचा, हे पाणी मृदू करण्याचं तंत्र या सैल आयनांच्या अदलाबदलीवर चालतं. मे २०२१मध्ये रोमहून बेंगळुरूला विमानांनी झिओलाइट आणलं गेलं, ते ऑक्सिजन प्रकल्पांसाठी. दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवतं आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतं. असल्या कामाचं झिओलाइट कारखान्यात बनतं. म्हणून उपयोगाच्या नावाखाली पोकळीतले सुंदर स्फटिक फोडण्याचं काही कारण नाही.

आता सांभाळण्याबद्दल. अपोफायलाइटवरचा चिखल साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढावा. उन्हात तापलेला दगड गार पाण्यात टाकू नये, तो फाटण्याच्या पातळीवर तडकतो. फरशी धुण्याचं ॲसिड तर घरात असलं तरी या दगडाजवळ आणू नये, चकाकी कायमची जाते. लोमोंटाइट नावाचा झिओलाइट कोरड्या हवेतच पाणी सोडतो आणि पिठासारखा भुगा होतो. आदिलाबादच्या उन्हाळ्यात तो उघड्या कपाटात टिकणार नाही, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा. ओकेनाइटचे कापसासारखे गोळे बोट लावताच दबतात, आणि दबलेले तंतू पुन्हा उभे राहत नाहीत.

कुठलाही दगड पिण्याच्या पाण्यात ठेवून ते पाणी औषध म्हणून पिऊ नका. कॅव्हन्साइटमध्ये तर पोटात जाऊ नये असं व्हॅनेडियम आहे. तंतुमय खनिजं कोरडी घासू किंवा कापू नयेत. एरिओनाइट या तंतुमय झिओलाइटच्या धुळीने तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाच्या काही गावांत फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग पसरला होता. आपल्याकडचे सगळे झिओलाइट तसे नाहीत, पण श्वासात धूळ जाऊ देऊ नये हे सगळ्यांना लागू आहे. गारगोटीची धूळही फुप्फुसं निकामी करते. बोअरवर आणि विहिरीवर काम करणाऱ्या पोरांनी पाणी मारत ड्रिल चालवावं, नाका-तोंडावर नुसता रुमाल न बांधता धुळीचा मास्क लावावा. हा खर्च विहीर मालकाने करायला हवा.

आणि दगड ठेवलात, तर त्याबरोबर चिठ्ठी ठेवा: गाव, विहीर, किती फुटांवर, कोणत्या थरात, कोणती तारीख. उटनूर परिसरातल्या खनिजांची नोंद अशा चिठ्ठ्यांमधूनच तयार होईल.