रंग, वास, चव

साकीनाक्याला आमच्या इमारतीत पहाटे दोन-अडीच तास पाणी येतं. तेवढ्यात खालची टाकी भरायची, पंपाने वर चढवायचं आणि दिवस काढायचा. या टाकीचं सगळं काम मामूंच्या हातचं. मामू म्हणजे अम्मीचे धाकटे भाऊ. तीस वर्षं प्लंबिंगचं काम केलेला माणूस. गल्लीत कुणाचा नळ गळला तरी पहिली हाक त्यांनाच.

मागच्या पावसाळ्यात माझ्या पुतणीला कावीळ झाली. आठवड्याभरात दुसऱ्या मजल्यावरची दोन मुलं आजारी पडली. डॉक्टरांनी आधी पाण्याबद्दलच विचारलं. अम्मीने ग्लास उजेडात धरला. "रंग नाही, वास नाही, चवही तीच. पाण्यात काय खोट आहे?"

अम्मीचं चुकलं नव्हतं. वाहत्या किंवा मोठ्या हौदातल्या पाण्यात घाण पडून त्याचा रंग, वास किंवा चव बदलली, तर त्याने वजू होत नाही, हे आम्ही लहानपणी मदरशात शिकलो. पण काविळीचा विषाणू यातलं काहीच बदलत नाही. वजूला चालणारं पाणी पिण्याला चालेलच असं नाही.

इमारतीच्या बैठकीत ठरलं, परवानाधारक प्लंबर बोलवायचा. हे मामूंना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"तीस वर्षांत माझा एक जोड गळला नाही," मामू म्हणाले. "आता कागद बघून माणूस आणणार?"

त्यांच्या रागाला जुनं कारण होतं. मुंबईत नळजोडणीचा अर्ज महापालिकेकडे परवानाधारक प्लंबरमार्फतच जातो. चौथी शिकलेल्या मामूंना परवाना मिळण्यासारखा नव्हता. कित्येक ठिकाणी खोदकाम, पाइप, जोडणी त्यांची आणि कागदावर सही दुसऱ्याची. "सही त्याची, घाम माझा," हे वाक्य आम्ही दावतीतसुद्धा ऐकलंय. मला उत्तर सुचलं नाही. एवढंच म्हणालो, "मामू, तुम्ही पण या. तुम्ही नसाल तर त्याला काय दाखवणार आम्ही?"

मामू आले. परवानाधारक पोरगा निम्म्या वयाचा. त्याने टाकीचं झाकण उघडलं आणि बॅटरी मारली. पाणी आणणाऱ्या पाइपचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडालेलं होतं. "हा पाइप खाली कुणी वाढवला?"

"मी," मामू म्हणाले. तळमजल्यावरच्या खालांना पहाटे पाणी पडण्याचा आवाज सहन होत नव्हता. मामूंनी दोन फूट पाइप जोडून दिला, पैसेही घेतले नाहीत.

पोरगा त्यांना चाचा म्हणून समजावत होता. रस्त्यावरच्या लाइनचं पाणी बंद झालं की तिथला दाब उतरतो. बुडालेला पाइप मग उलटं काम करतो, टाकीतलं पाणी लाइनकडे ओढतो. हे थांबवायला मीटरजवळ नॉन रिटर्न व्हॉल्व्ह होता. त्याने तो तपासला. रस्त्याकडचा कॉक बंद केला आणि कॉक व व्हॉल्व्ह यांच्यामधली छोटी तोटी उघडली. पाइपात उरलेलं पाणी येऊन धार थांबायला हवी होती. मीटरच्या खड्ड्यात ती पाच मिनिटं चालूच राहिली.

मामूंनी धारेखाली बोट धरलं. "हे कुठलं पाणी?"

"तुमच्या टाकीतलं, चाचा. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय."

टाकीच्या भिंतीला, गटाराच्या बाजूने, तडा होता. इतके दिवस आम्ही स्वतःला पीडित समजत होतो. गल्लीतल्या दुसऱ्या कुणाच्या घरात आमच्या टाकीतलं काय काय गेलं असेल, हा विचार त्या खड्ड्याशी उभं असताना पहिल्यांदा आला.

1933 मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शनाच्या वेळी अमीबाच्या आमांशाने 98 माणसं गेली. मूळ सापडलं दोन हॉटेलांच्या सदोष प्लंबिंगमध्ये. पिण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी एकमेकींशी जोडल्या गेल्या होत्या. आज अमेरिकेतल्या अनेक शहरांत असं उलटं पाणी अडवणाऱ्या उपकरणाची दरवर्षी परवानाधारक तपासनिसाकडून चाचणी करावी लागते. व्हॉल्व्ह एकदा बसवला की संपलं असं नसतं. तो अडकतो, झिजतो आणि बाहेरून काही कळत नाही.

आम्ही टाकी रिकामी करून धुतली, तडा बुजवला, क्लोरीन घातलं, नवा व्हॉल्व्ह बसवला. पाइप कापायची वेळ आली तेव्हा पोराने करवत मामूंच्या हातात दिली. पाइपचं तोंड ओव्हरफ्लोच्या वर, पाइपच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर हवं. मामूंनी तिप्पट ठेवलं.

तुमच्या इमारतीतही एकदा पाणी येण्याच्या वेळी झाकण उचलून बघा. पाइपचं तोंड बुडालेलं दिसलं तर माहितीतल्या माणसाला हाक मारा, पण सोबत परवाना क्रमांक विचारून परवानाधारकही आणा. माझ्या मामूंना हात होता. कुठे काय तपासायचं हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

पुतणी आता बरी आहे. पहाटे टाकीत पुन्हा पाणी पडण्याचा आवाज येतो. खालांची झोप मोडते. त्यांनी तक्रार केली तेव्हा मामू म्हणाले, "आपा, आवाज बंद झाला तर मला उठवा."