पांच कांट्यांचा पक्षी

गोंदिया म्हटलें म्हणजे बहुतेकांस भाताच्या गिरण्या आठवतात, नाहीं तर मुंबईहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या गाड्यांचें मोठें जंक्शन आठवतें. भंडाऱ्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा १९९९ सालीं स्वतंत्र झाला. परंतु गिरण्यांचा आवाज मागें पडून धानाच्या बांध्या आणि तळीं लागलीं, आणि त्यांच्यापलीकडे नागझिऱ्याच्या टेकड्या निळसर दिसूं लागल्या, कीं माझ्या मनांत मात्र एक पत्र्याची पेटी उघडते.

गोंदिया हें माझें आजोळ. आप्पामामांच्या कपाटांत ती पेटी असे, व दिवाळीच्या सुटींत एकदांच ती आम्हां मुलांपुढें उघडली जाई. आंत कापसांत गुंडाळलेले एका पक्ष्याचे दोन वाळलेले पाय होते. उजव्या पायावर तीन कांटे, डाव्यावर दोन. "हा पांच कांट्यांचा नबाब!" असें म्हणून मामा ते आमच्या तळहातावर ठेवीत. घरांत अंडेंसुद्धां शिजत नसे. पण शेताच्या रक्षणासाठीं आजोबांनीं परवान्याची बंदूक घेतली होती, आणि ती मामांच्या हातीं गेल्यावर शेतापुरती राहिली नाहीं. आजी ती पेटी देवघराच्या भिंतीसही टेकूं देत नसे. पुढें वाळवीनें पेटींतील सारें खाल्लें; राहिली ती मामांची शिकारवही.

मामा आतां ८६ वर्षांचे आहेत. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसरा अधू आहे. गेल्या माघांत मी गेलों असतां ते एकाएकीं म्हणाले, "अरे, तो पक्षी मीं पडल्यावरच पाहिला. एकदां जिवंत, उभा पाहावयाचा आहे." तेव्हां मी, मामा आणि त्यांची बारा वर्षांची नात, असे आम्ही तिघे नागझिऱ्यास निघालों. मामींनीं दशम्या बांधून दिल्या, व मामांच्या कानांस मफलर गुंडाळल्याची स्वतः खात्री करून घेतली.

हा पक्षी म्हणजे चकोत्री. आकारानें तित्तिराहून थोडी मोठी, घडणीनें रानकोंबडीची धाकटी बहीण. शास्त्रज्ञांनीं तिच्या कुळास 'गॅलोपर्डिक्स' म्हणजे कोंबडा-तित्तिर असें जोडनांव दिलें आहे, तें अगदीं यथार्थ होय. तिच्या दोन जाती या वनांत नांदतात: एक लाल चकोत्री, दुसरी रंगीत. रंगीत चकोत्रीच्या नराचें डोकें काळें, त्यावर हिरवट झांक आणि पांढरे ठिपके. पाठ तांबूस, तिच्यावरही काळ्या कडेचे पांढरे ठिपके. मादी मात्र साध्या तपकिरी वस्त्राची. खडकाळ टेकड्या, बांबूचीं बेटें आणि कांटेरी झुडपें हें तिचें घर. संकट आलें तर उडण्यापेक्षां पळून जाणें तिला अधिक आवडतें.

रानकोंबड्याच्या प्रत्येक पायावर एकच कांटा असतो. रंगीत चकोत्रीच्या नराच्या एकेका पायावर दोनपासून चारपर्यंत कांटे असूं शकतात, आणि पुष्कळदां दोन्ही पायांवरील संख्या सारखी नसते. सिंहलद्वीपांतील चकोत्रीच्या शास्त्रीय नांवाचा अर्थच मुळीं 'दोन कांट्यांची' असा आहे. अमेरिकेंत टर्की नांवाचा मोठा रानपक्षी आहे. त्याच्या नराच्या पायावर बहुधा एकेकच कांटा असतो. पण एखाद्याच्या पायावर दोन किंवा तीन उगवले, तर तेथील शिकारी तें नवल वर्षानुवर्षें सांगत बसतात. तेथील शिकाऱ्यांच्या संस्थेनें तर गुणांचें कोष्टकच बसविलें आहे. पक्ष्याचें वजन पौंडांत घ्यावयाचें, छातीवरील केसाळ दाढीची लांबी इंचांत मोजून दुप्पट करावयाची, आणि दोन्ही कांट्यांच्या लांबीस दहानें गुणावयाचें! कांटा वयाबरोबर वाढतो. त्यामुळें लांब कांटा म्हणजे अनेक हंगाम चुकविलेला जुना नर, आणि तो मारल्याची प्रौढी तितकीच मोठी.

हा कांटा म्हणजे नख नव्हे. पायाच्या हाडाशीं आधीं एक लहान अस्थिमय गाभा उठतो, त्यावर शिंगासारखें कवच चढतें, आणि पुढें गाभा मूळ हाडाशीं एकजीव होतो. अठराव्या शतकांत जॉन हंटर नांवाच्या स्कॉटिश शस्त्रवैद्यानें कोंबड्याचा कांटा काढून तुऱ्यांत रोंवला, तर तो तेथेंही वाढला! याहून चमत्कारिक गोष्ट निराळीच आहे. कांटा हें नराच्या पौरुषाचें फळ, असें आपण सहज समजतों. परंतु खच्ची केलेल्या कोंबड्यासही कांटा येतोच, आणि अंडाशय काढून टाकलेल्या कोंबडीसही येतो. म्हणजे कांटा उगवण्याची शक्ति दोघांच्याही ठायीं असते. कोंबडीच्या अंडाशयाचा स्राव ती आवरून धरतो, इतकेंच. चकोत्रीनें मात्र हें बंधनही मानलेलें नाहीं. तिची मादी अंडीं घालते, पिलें वाढविते, आणि पायावर एक-दोन कांटेही बाळगते.

हें सारें ज्ञान आपणांस मिळालें तें बव्हंशीं शिकाऱ्यांकडून, हें मान्य केलें पाहिजे. झुडपांत पळणाऱ्या पक्ष्याच्या पायावरील कांटे कोण मोजणार? काँग्रेसच्या स्थापनेमुळें आपणांस परिचित असलेले ॲलन ह्यूम हे हिंदुस्थानांतील पक्ष्यांचे फार मोठे अभ्यासक होते. मार्शल यांच्यासह त्यांनीं हिंदुस्थानांतील शिकारीच्या पक्ष्यांवर तीन भागांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळांत प्रसिद्ध केला. ज्या १८८५ सालीं काँग्रेस भरली, त्याच सालीं त्यांनीं आपला प्रचंड पक्षिसंग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. हजारों पक्षी हाताळलेल्या या गृहस्थानें पुढें मांसाहार सोडला आणि पक्षी मारणेंही सोडलें.

मीं ही गोष्ट गाडींत सांगितली, तेव्हां मामा कांहीं बोलले नाहींत. नात मात्र विचारती झाली, "आजोबा, चकोत्री जोडीनें हिंडते ना? मग तुमच्या नबाबाची जोडीदारीण कुठें गेली?"

मामा बराच वेळ बाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "ती पण मीच मारली. दुसऱ्या नळीनें. उजेड पुरता नव्हता. झुडपांत हाललें, आणि मीं घोडा ओढला. उचलली तेव्हां तिच्याही पायांवर एकेक कांटा. मादीलाही कांटा असतो हें मला त्या दिवशीं कळलें. बरोबरच्या माणसानें तिला साफ केली, तर पोटांत कवच धरलेलें अंडें निघालें. तिचे पाय मीं घरीं आणले नाहींत. वहींतही लिहिलें नाहीं."

त्यावर पोरगी कांहीं बोलली नाहीं. तिनें आजोबांचा मफलर नीट केला व त्यांचा हात आपल्या हातांत घेतला.

नागझिरा १९७० सालीं अभयारण्य झालें. १९७२ च्या कायद्यानें मामांची आणि इतर सर्वांचीच बंदूक भिंतीवर गेली. आणि २०१३ सालीं शेजारच्या नवेगांवासह येथें व्याघ्रप्रकल्प झाला. त्याच नवेगांवबांधच्या तळ्याकाठीं कै. मारुती चितमपल्ली यांनीं वनाधिकारी म्हणून कित्येक वर्षें काढलीं, व तेथील पांखरें मराठी वाचकांच्या घरोघरीं पोंचविलीं. आतां येथें जावयाचें तें परवाना काढून, वाटाड्या बरोबर घेऊन, आणि गाडींतून खालीं न उतरतां. बहुतेक मंडळी वाघासाठीं येतात. आम्हीं चकोत्री पाहावयाची आहे असें सांगतांच आमच्या तरुण वाटाड्याचा चेहरा उजळला, आणि त्यानें गाडी पाणवठ्याकडे न नेतां एका कोरड्या नाल्याच्या वळणावर उभी करविली.

दोन्ही बाजूंस ऐन, धावडा आणि बांबू. मध्यें काळे खडक. थंडी चांगलीच होती. अर्ध्या तासानें वाळलेल्या पानांत खसखस झाली. खडकामागून काळें, ठिपकेदार डोकें वर आलें, थबकलें, आणि नर वाटेवर उतरला. त्याच्यामागून तपकिरी मादी. ऊन नुकतेंच नाल्यांत पोंचलें होतें; त्या तिरप्या उजेडांत त्याच्या पाठीवरील एकेक ठिपका स्पष्ट दिसत होता. पाय मात्र पाचोळ्यांत बुडालेले. दोघांनीं कांहीं वेंचलें, मान उंच करून आमच्याकडे पाहिलें, आणि शेपट्या उभारून पलीकडच्या बांबूंत धूम ठोकली. सारा प्रकार अर्ध्या मिनिटाचाही नसेल.

मामांनीं नातीचा हात घट्ट धरला होता. "दोन होते ना ग?" त्यांनीं हळूच विचारलें.

"हो आजोबा, दोन होते."

"कांटे?"

"ते नाहीं दिसले."

"असूं दे," मामा म्हणाले.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मामांनीं शिकारवही मागवून घेतली. शाई फिकी झाली होती, तरी त्यांचें तरुणपणींचें ठसठशीत अक्षर वाचतां येत होतें: 'चकोत्री, नर १. कांटे ३ व २.' त्यांचा हात आतां कांपतो. म्हणून त्यांनीं नातीस लेखणी धरावयास सांगितली आणि त्या ओळीखालीं एक ओळ घालविली: 'मादी १. कांटे १ व १. पोटांत अंडें १.' मग त्यांनीं ती ओळ भिंग लावून पुन्हां वाचली, आणि वही मिटून मामींच्या हातीं दिली. मामींनीं ती देवघरांतल्या पोथ्यांच्या फडताळांत ठेवली.