ट्रकी गावचा मुक्काम

कॅलिफोर्नियात पुतण्याने भाड्याच्या फिरत्या घरातून आम्हा सर्वांना सहलीला नेले. गाडीतच चूल, पलंग, संडास! सिएरा नेवाडा डोंगरातील ट्रकी या जुन्या रेल्वेगावी आम्ही मुक्काम केला. विटांची जुनी दुकाने, स्टेशन, धडधडत जाणारी मालगाडी पाहून मुले खूश झाली.

आम्हाला मात्र हे रूळ टाकणारे हात आठवले. ते मुख्यतः चिनी मजुरांचे. जवळच्या खिंडीत सुमारे ५०० मीटरचा बोगदा त्यांनी कठीण खडकातून खोदला. पगार गोऱ्यांपेक्षा कमी, शिवाय जेवणखर्च स्वतःचा. जून १८६७ मध्ये समान पगारासाठी हजारोंनी संप केला. कंपनीने अन्नपुरवठा तोडून तो मोडला. १८६९ साली मार्ग पुरा झाला आणि १८८६ मध्ये याच गावातील गोऱ्यांनी बहिष्कार घालून चिन्यांना हुसकावले.

वाचकहो, बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आमचे घर हौसेने चाकावर होते. त्यांना घरे सोडावी लागली. अमेरिकेच्या कामगार खात्याने २०१४ मध्ये या मजुरांचा गौरव केला. मुलांना रुळांशेजारी बसवून आम्ही ही हकिगत सांगितली. तीही घरी सांगतील.