गल्लीतली बालवाडी आणि अकरा सह्यांचा अर्ज

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे वसाहतीतील दोन कामे आपोआप चालत येतात. एक म्हणजे मंडळाचे हिशेब तपासणे आणि दुसरे म्हणजे लोकांचे अर्ज शुद्ध भाषेत लिहून देणे. नंदुरबारमधील आमच्या वसाहतीतील अकरा घरांच्या सह्यांचा कच्चा अर्ज या दुसऱ्या सदरात माझ्याकडे आला. तो नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना उद्देशून होता आणि विषय होता, ‘रहिवासी गल्लीत विनापरवाना चालविली जाणारी बालवाडी बंद करणेबाबत’.

बालवाडी आमच्यापासून चार घरे पलीकडे, एका घराच्या तळमजल्यावर भरते. त्या घरच्या सुनेने ती सुरू केली. सकाळी साडेआठ ते अकरा अशी वेळ आणि ३४ मुले. अर्जातील तक्रारी मी एकेक करून वाचल्या, आणि त्यांतील बहुतेक खऱ्या होत्या हे प्रथमच सांगितले पाहिजे. अशा प्रसंगी तक्रार करणारे सगळे मुलांचे वैरी आणि बालवाडी चालविणारी तेवढी सोशिक, असे चित्र रंगविण्याची आपल्याकडे फार घाई असते. आमच्या गल्लीत तसे नव्हते. साडेआठला पाच-सहा रिक्षा एकदम गल्लीत शिरत आणि उलट फिरायला जागा नसल्याने हॉर्न वाजवीत उभ्या राहत. एका घरी हृदयविकाराचा रुग्ण आहे; रुग्णवाहिका बोलावण्याची वेळ नेमकी तेव्हाच आली तर काय, हा त्यांच्या मुलाचा प्रश्न अवाजवी नव्हता. प्रार्थना आणि बालगीते ध्वनिवर्धकावर लागत. समोरच्या घरातील बा गेली चाळीस वर्षे त्याच सुमारास सामायिकाला बसतात. त्या ४८ मिनिटांत चित्त स्थिर करायचे आणि खिडकीतून मात्र तेच ते गाणे चार वेळा ऐकायचे, ही त्यांची व्यथा त्यांनी कुणाला बोलून दाखविली नव्हती. अर्जात ती त्यांच्या नातवाने लिहिली होती. डब्यातील उरलेसुरले अन्न गटारीत जाई. आणि शेवटी, सर्वांनी सौम्य शब्दांत लिहिलेला पण सर्वांत जड मुद्दा होता घरांच्या किमतीचा.

एक बारीकशी गोष्ट मात्र माझ्या मनात आल्यावाचून राहिली नाही. हिवाळ्यात आमच्या गावाभोवती पथारींवर लाल मिरची वाळत पडते तेव्हा वारा फिरला की सारे गाव खोकते. त्याबद्दल कुणी अकरा सह्या गोळा केल्याचे मला स्मरत नाही. मिरची हा गावाचा व्यापार आहे असे आपण मानतो. एका सुनेने तळमजल्यावर मांडलेला उद्योग मात्र उद्योग वाटत नाही, ‘उपद्व्याप’ वाटतो.

अर्ज लिहिण्यापूर्वी मी दोन गोष्टी केल्या. ‘विनापरवाना’ हा शब्द लिहायचा तर कोणता परवाना, कोणत्या नियमाखालचा, हे सांगता आले पाहिजे. इतकी वर्षे मंजुरीची टिपणे लिहिल्यावर ही सवय सुटत नाही. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा आहे. त्याखालच्या वयासाठी त्याचे कलम ११ एवढेच म्हणते की शासन पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करू शकेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला खरा, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम मात्र स्पष्ट आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते. म्हणजे अर्जातील ध्वनिवर्धकाचा मुद्दा भक्कम होता आणि ‘विनापरवाना’ हा शब्द डळमळीत होता.

दुसरे म्हणजे मी त्या मुलीकडे गेलो. (ती मला काका म्हणते, म्हणून मुलगी म्हणतो, तिला स्वतःची दोन मुले आहेत.) तिने सुरुवातीला मुद्रा योजनेतून कर्ज घेतले होते. त्या योजनेतील ५० हजारांपर्यंतच्या गटाचे नावच ‘शिशु’ आहे, हा योगायोग तिच्या लक्षात आला नव्हता. मी सांगितल्यावर ती हसली. तिची वही मी पाहिली. महिना ६०० रुपयांप्रमाणे ३४ मुलांचे २०,४०० रुपये येत. मदतनीस बाईंना ५,००० जात. उरलेल्या १५,४०० मधून हप्ता, खडू-रंग, पाणी, वीज. पतीची नोकरी सुरतेला, बेभरवशाची. मुलांच्या पालकांत कोण कोण आहे हेही वहीत होते: रुग्णालयातील परिचारिका, सकाळच्या एस.टी.ने धडगाव-अक्कलकुव्याकडे जाणाऱ्या शिक्षिका, बाजारपेठेत दुकान उघडणाऱ्या बायका. बालवाडी बंद झाली तर तिचे उत्पन्न जाणार, आणि त्यांपैकी दोघी-तिघींच्या नोकऱ्यांचीही अडचण होणार हे उघड होते.

शेजारी आणि बालवाडी यांचे हे भांडण नवे असेल असे मला वाटले होते. वाचायला बसलो तेव्हा आढळले की मारिया मॉन्टेसरी यांची जगप्रसिद्ध पहिली शाळा शेजाऱ्यांच्या आणि घरमालकांच्या तक्रारीतूनच जन्माला आली आहे. रोममधील सान लोरेंझो ही गरिबांची वस्ती. तेथील जुन्या इमारती एका गृहनिर्माण कंपनीने दुरुस्त करून भाड्याने दिल्या. आईबाप दिवसभर कामावर जात, आणि शाळेच्या वयाची न झालेली मुले जिन्यांत हुंदडत व नवा रंग दिलेल्या भिंती खराब करीत. कंपनीने हिशेब केला: भिंतींच्या दुरुस्तीवर जो पैसा जातो, त्याच पैशात मुलांना एका खोलीत सांभाळता येईल. ६ जानेवारी १९०७ रोजी त्या इमारतीतच ‘बालगृह’ सुरू झाले. ज्या चाळीतली मुले त्याच चाळीतली शाळा, आणि शिक्षिकेनेही तेथेच राहावयाचे. नियमही लावलेले होते: मुले स्वच्छ करून पाठवावीत, आणि आईने आठवड्यातून एकदा तरी शिक्षिकेला भेटावे. शिक्षणशास्त्र पुढे घडले. आधी होता तो भिंतींचा जमाखर्च. माझ्यासारख्याला ही गोष्ट आवडली नसती तरच नवल.

आपल्याकडे ती वाट भावनगरहून आली. वकिली सोडलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. आमच्याकडील गुजराती वाचणाऱ्या घरांना गिजुभाईंचे नाव नवे नाही. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढले आणि १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. परदेशी महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. पण मला त्या प्रयोगातील वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना आली. तिच्या केंद्रांना आपण जे अंगणवाडी म्हणतो, त्या शब्दात हेच अंगण आहे.

सातपुड्यातील शाखेत असताना मी अशा अंगणवाड्या पाहिल्या आहेत. तेथे पाड्यातील घरे एकमेकांपासून दूर, डोंगरउतारावर विखुरलेली. मुलांचा आवाज कुणाच्या भिंतीला लागत नाही. तेथील अडचण मुले येण्याची. आमच्या वसाहतीत उलट झाले आहे. भूखंड घेतले तेव्हा प्रत्येकाच्या नकाशात पुढे अंगण होते. कुणी तेथे गाडी लावली, कुणी ओटा वाढविला, कुणी दुकानाचा गाळा काढला. अंगणे आपण खाऊन टाकली आणि उरलेल्या जागेत मुले दाटीने बसली, म्हणून आवाज मोठा झाला.

हे बोलणे वायफळ ठरू नये म्हणून मी टेप घेऊन तिची खोली मोजली. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणात ३० मुलांसाठी निदान ३५ चौरस मीटर वर्ग आणि ३० चौरस मीटर मोकळी जागा सांगितली आहे. ३ ते ६ वर्षांच्या २० मुलांमागे एक शिक्षिका. तिची खोली १२ फूट बाय १६ फूट, म्हणजे १८ चौरस मीटरही भरत नाही. बाहेरची जागा १० फूट बाय १८ फूट. दोन्ही हिशेबांनी मुले बसतात १५ ते १६. होती ३४. शेजाऱ्यांची तक्रार आणि मुलांचे हित या ठिकाणी एकच होते, आणि ते कुणीच मांडले नव्हते.

एका रविवारी संध्याकाळी बांच्या घरी बैठक झाली. अर्ज मी लिहून नेला नाही, हे मोजमाप नेले. तीन तास लागले. सोळा-सोळांच्या दोन तुकड्या ठरल्या, पहिली साडेआठला, दुसरी अकराला. लगेच एकाने रास्त आक्षेप घेतला: पूर्वी त्रास अडीच तासांचा होता, आता पाच तासांचा होणार. त्याला उत्तर असे निघाले की ध्वनिवर्धक कायमचा बंद. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबतील आणि मदतनीस बाई मुलांना रांगेने आणतील. खाऊच्या वेळी ओल्या-सुक्याच्या दोन बादल्या राहतील. पहिली तुकडी साडेआठ ते सव्वानऊ या वेळात चित्रे आणि ठोकळे घेईल, गाणी नंतर. हा शेवटचा बदल बांसाठी होता. त्या म्हणाल्या, “मुलांना गप्प नका बसवू हो. फक्त तो भोंगा नको.”

फी ७०० झाली. ३२ मुलांचे २२,४००. मदतनीस बाईंचे तास वाढले म्हणून त्यांना ७,०००. उरतात पुन्हा १५,४०० च. म्हणजे वाढीव शंभर रुपये तिच्या हाती आलेच नाहीत आणि तिचे काम मात्र दुप्पट झाले. शांततेची किंमत कोणी मोजली, हे वहीत स्वच्छ दिसते. बैठकीत मी तसे स्पष्ट बोललो. काही जण खाली पाहू लागले. पुढच्या आठवड्यात दोन घरांनी पाण्याच्या टाकीचा आणि सावलीच्या पत्र्याचा खर्च आपणहून उचलला. उरलेल्यांनी उचलला नाही.

अकरांपैकी दहा जणांनी सह्या मागे घेतल्या. अकराव्या गृहस्थांनी घेतली नाही, आणि त्यांना मी दोष देत नाही. त्यांची शेजघराची भिंत बालवाडीच्या खोलीला लागून आहे आणि पत्नी दीर्घ आजाराने अंथरुणावर आहे. त्यांच्यासाठी सोळा मुलेही जास्तच. मुलीने त्या भिंतीलगतची धावण्या-उड्या मारण्याची जागा बदलून तिथे पुस्तकांचे कपाट आणि सतरंजी ठेवली आहे. कपाटामागे जाड कापसाचे गादीपाट बसविले आहेत. आवाज कमी झाला, थांबला नाही. दिवाळीनंतर खोली मागच्या बाजूला नेता येईल का, याचा अंदाज एका गवंड्याकडून घेतला आहे. त्याने ८५ हजार सांगितले. मी तिला किशोर गटाच्या कर्जाची कागदपत्रे जुळवून देत आहे. परिचारिका बाईंचे मूल आणि आणखी दोन मुले दोन्ही तुकड्यांत बसतात, त्यामुळे सोळाचे कधी अठरा होतात. तेवढा हिशेब मी तपासत नाही.